पाय मोडला, कंबर नाही

हाड किती दिवसांत जुळेल, हे डॉक्टर साधारण सांगू शकतात. मनगटाला सहा आठवडे, नडगीला तीन-चार महिने, मांडीला त्याहून थोडे जास्त. पण हाड जुळल्यावर माणूस एकट्यानं रस्ता ओलांडायला कधी धजेल, ते कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या मुदतीविषयी. पहिलीविषयी बोलायला डॉक्टर आहेत.

२०२३च्या पावसाळ्यात अहमदपूरच्या बसस्थानकाजवळ मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे गाव, रहदारी दिवसरात्र. ओल्या रस्त्यावर एक मोटारसायकल घसरली आणि ती पोरं आणि गाडी माझ्या डाव्या पायावर आली. पोरांना खरचटलंसुद्धा नाही, याचा मला आनंदच आहे. माझ्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. लातूरला शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसवली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग वॉकर, मग काठी, असा हुकूम घेऊन मी घरी आलो.

आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला येणं ही मोठी प्रेमाची रीत. मात्र येणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी मोडक्या पायाची गोष्ट घेऊन येतो. कुणाच्या मेव्हण्याचा पाय दोन इंच आखूड झालेला असतो, कुणाच्या सासऱ्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. जाताना म्हणतात, "सर, आता जपून. आता वय काय आपलं!" माझं वय तेव्हा चौपन्न होतं. महिनाभर हे ऐकल्यावर मला चौऱ्याहत्तर झाल्यासारखं वाटू लागलं. घरचेही तसेच. मी पाण्याच्या तांब्याकडं नुसतं बघितलं तरी लेक म्हणायची, "अब्बा, तुमे बैठो, मैं लाती ना." यात माया होती, तक्रार कशी करणार? पण मायेनंसुद्धा माणूस लुळा होतो.

खरं तर पलंगावर पडून राहणं हाच एक आजार आहे. वापरात नसलेला स्नायू शरीर फार दिवस सांभाळत नाही. दोन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते आणि पन्नाशीनंतर गेलेलं परत आणायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या आणि मला म्हणाल्या, घोटा वर-खाली हलवा. मला वाटलं, हा काय व्यायाम? त्यांनी सांगितलं, पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. ते थांबले की रक्त साचतं, त्यात गाठ होऊ शकते आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दुसरा व्यायाम मांडीचा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा तिच्यावर दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातून कितीतरी वेळा.

पाच आकडे मोजण्याचा मला दोन दिवसांत कंटाळा आला. कवी माणूस; मी भुजंगप्रयाताचा एक चरण मनात म्हणू लागलो. 'मनाचे श्लोक' ज्या वृत्तात आहेत ते हे वृत्त. लगागा लगागा लगागा लगागा. उर्दूत याच चालीच्या बहरला मुतकारिब म्हणतात, फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. माझ्या शाळेनं मला पहिलं नाव शिकवलं, वडिलांनी दुसरं. चाल एकच. एक चरण होईपर्यंत मांडी आवळून धरायची. पुढं वॉकर आला तेव्हा तर गंमत झाली. वॉकर झटकन पुढं, हा लघू. मग दुखरा पाय सावकाश, हा गुरू. मग धड पाय, हा दुसरा गुरू. पलंगापासून दारापर्यंत बरोबर दोन चरण बसायचे. ज्यांना वृत्तांची आवड नाही त्यांनी ओवी म्हणावी, दरूद म्हणावा, पोरांचे पाढे घ्यावेत. मोजायला काहीतरी आपलं असावं, एवढंच.

आमच्या गल्लीत एक म्हातारे वस्ताद आहेत. ऐन उमेदीत त्यांनी कितीतरी फड गाजवले. लातूर जिल्ह्याला कुस्ती काही नवी नाही. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. तर हे वस्ताद एके दिवशी आले, माझ्या पायाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझा दंड चाचपला आणि म्हणाले, "मास्तर, पाय मोडलाय, कंबर न्हाई मोडली. आन् हात काय झोपलेत व्हय? जे मोडलंय त्याला जपा, जे धड हाय त्याला राबवा." तालमीत खांदा निखळलेला गडी बैठका मारत राहतो आणि पाय मुरगळलेला गडी हातांनी डंबेल्स उचलत राहतो, हा त्यांचा जुना कायदा. नाहीतर, ते म्हणाले, दुखणं एका अवयवाचं असतं आणि मरगळ सगळ्या गड्याला येते.

मी पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन पलंगावर बसल्या बसल्या हात चालवू लागलो. उजवा, धड पाय सरळ करून उचलू लागलो. फिजिओथेरपीच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या, याला शास्त्राचाही आधार आहे. नंतर मी वाचलं. १८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं असं दाखवलं, की एका हाताला व्यायाम दिला तर व्यायाम न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते. पुढं हे अनेकांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि खरं निघालं. याचं बरंचसं कारण स्नायूंत नसून त्यांना हुकूम सोडणाऱ्या मेंदूत आणि मज्जातंतूंत आहे. म्हणजे उजवा पाय राबत असताना डाव्याचा धडा अगदीच पुसला जात नाही. वस्तादांना येल ठाऊक नव्हतं आणि येलला वस्ताद ठाऊक नव्हते, पण गाठ पडली.

त्या पडीक दिवसांत मला ज्यांचा सर्वांत जास्त आधार वाटला ते मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा २०२४ साली त्यांच्यावर निघाला, त्यामुळं आता नाव घरोघरी माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा हा मुलगा सैन्यात गेला, तिथं मुष्टियोद्धा झाला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग निकामी झाला. मुष्टियुद्ध संपलं. उपचार म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात शरीराचं ओझं पेलावं लागत नाही, म्हणून जमिनीवर जे जमत नाही ते तिथं जमतं. औषध म्हणून धरलेल्या त्या पोहण्यात त्यांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. वेळ ३७.३३ सेकंद. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून भारतीयाचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्याआधी १९६८ला तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळून आले होते. पद्मश्री मिळाली २०१८ला आणि अर्जुन जीवनगौरव २०२५च्या जानेवारीत. आपण किती उशिरा टाळ्या वाजवतो, हे मनाला लागतं. पण मला विचाराल तर या कथेतला मोठा क्षण पदकाचा नाही. ज्या माणसाचं शरीर ठोसे मारण्यासाठी घडलं होतं, त्यानं पहिल्यांदा पाण्यात उतरून नुसते हात मारायचं कबूल केलं, तो क्षण मला मोठा वाटतो. आपण आधी जे होतो ते सोडून नवशिक्या व्हायला फार मोठं काळीज लागतं.

या पॅरालिम्पिकची कूळकथाही दवाखान्यातच सुरू होते. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर नाझी जर्मनीतून निसटून १९३९ साली इंग्लंडला गेले. १९४४ साली स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात पाठीच्या कण्याला मार लागलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडं आला. असा रुग्ण फार जगत नाही, त्याला पडू द्यावं, असंच तोवर समजलं जाई. गुटमननी रुग्णांना ठरावीक वेळानं कुशीवर वळवायला लावलं, जखमा होऊ दिल्या नाहीत आणि त्यांच्या हातात चेंडू, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ला लंडनचं ऑलिम्पिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९६०ला रोममध्ये तिचंच रूप पहिलं पॅरालिम्पिक म्हणून ओळखलं गेलं. आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या माणसानं लावलेलं ते रोप जर्मनीतच, हायडेलबर्गला, आपल्या पेठच्या पोराच्या पदरात सोनं टाकून गेलं.

आता माझ्यासारख्या सामान्यांकडं येतो. आपल्याला पदक नको आहे, आपल्याला भाजी आणायला जाता आलं पाहिजे. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, फिरा. मी घरात फिरत होतो, अंगणात फिरत होतो. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि मागून हॉर्न वाजला की पाय जागीच रुतायचा. हाडाला काही झालेलं नव्हतं, भीती होती. बाहेर जायला मी कारणं काढून टाळू लागलो. ऊन आहे, चिखल आहे, आज सुट्टी आहे, गर्दी असेल. ही भीती वाईट यासाठी, की ती शहाणपणाचा सदरा घालून येते. घरच्यांनाही वाटतं, बरं झालं, जपतोय. पण न चालण्यानं पाय कच्चा राहतो, कच्च्या पायानं तोल जातो, आणि तोल गेला की भीती खरी ठरते.

यावरही वस्तादांचाच उपाय. "रोज एक खांब," ते म्हणाले. विजेचा खांब. आज घरापासून पहिल्या खांबापर्यंत, उद्या दुसऱ्यापर्यंत. बसस्थानकापर्यंत एकवीस खांब आहेत. मला चाळीस दिवस लागले. काही दिवशी दोन खांब मागं आलो. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक खूण दिली होती, ती फार उपयोगी पडली: चालताना थोडं दुखलं तर घाबरू नका, रात्रीच्या झोपेनं ते ओसरलं तर चाल बरोबर होती. सकाळीही ठणका आणि सूज तशीच असेल तर त्या दिवशी खांब कमी करा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, हेही त्यांनीच शिकवलं. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि त्याच अंगावर कलतात. जिना चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

माझं दुसरं मोजमाप होतं नमाजचं. आजाऱ्याला सवलत आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या. मी आधी पलंगावर, मग खुर्चीवर नमाज पढलो. पण एरवी ज्याच्याकडं लक्षही गेलं नव्हतं ते तेव्हा कळलं, की दिवसातून पाच वेळा आपण शरीराला किती गोष्टी करायला सांगत असतो. वजू करताना पाय नळाखाली उचलायचा. कियाममध्ये दोन्ही पायांवर सारखा भार. रुकूत कंबर. सज्द्यात गुडघे. आणि बैठकीत डावं पाऊल मुडपून त्यावर बसायचं. नेमका माझा डावाच. कियाम पाचव्या महिन्यात परत आला, रुकू त्याच सुमाराला. सज्दा अजून खुर्चीवरूनच करतो. नडगीत सळई घातलेल्या पुष्कळ लोकांना गुडघा टेकला की दुखतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मशिदीतल्या पोरांना वाटतं, चाचा अजून बरे झाले नाहीत. वाटू दे.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. पायाचा रस्सा मला इतक्या घरांतून आला की पाय एक मोडला होता की चार, असा संशय यावा. तो रस्सा चवीला झकास, प्रेमानं प्यावा. पण हाडं उकळली म्हणून त्यातलं कॅल्शियम रश्श्यात फारसं उतरत नाही. त्यापेक्षा दूध, दही, तीळ, नाचणी बरी. स्नायू परत यायला अंडी, डाळी, हरभरा, शेंगदाणे हवेत आणि अंगावर ऊन हवं. बिडी-सिगारेटनं हाड जुळायला उशीर लागतो, हे तर पक्कं ठाऊक आहे. आणि मोडलेल्या जागेवर कुणालाही तेल घेऊन रगडू देऊ नका, तो माणूस कितीही प्रेमाचा असला तरी.

घरच्यांसाठी एक विनंती आहे. माणूस उठताना धडपडत असेल तर जवळ उभे राहा, पण लगेच हात घालू नका. आमच्या लेकीला हे शिकायला फार जड गेलं. ती दाराशी उभी राहून ओढणीचं टोक चावत बघत राहायची. मी तांब्या स्वतः उचलून प्यालो त्या दिवशी पाणी निम्मं सांडलं. तिनं फडकं आणलं, पण पुसलं नाही, माझ्याकडं दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका कविसंमेलनाचं बोलावणं आलं. व्यासपीठ उंच, पायऱ्या लाकडी, हलणाऱ्या. माझं नाव पुकारल्यावर एक कार्यकर्ता धावत आला आणि दंडाला धरून मला वर न्यायला लागला. मी माझी कवितांची वही त्याच्या हातात दिली, म्हटलं, "एवढी धरा, महत्त्वाची आहे," आणि कठड्याला हात लावून, धड पाय आधी टाकत वर गेलो.