पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक

घोडेगावाजवळच्या सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात बॉयलरच्या वाफेवर झडपांचा पहारा असतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षा झडप आपोआप उघडते. हीच व्यवस्था आपल्या घरी कुकरच्या झाकणावर आहे. शिट्टीचे वजन नळीच्या तोंडावर बसते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढला की उचलले जाते. त्या दाबाला पाणी 100 नव्हे, जवळजवळ 120 अंशांना उकळते, म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते. पुढे गॅस कितीही मोठा ठेवा, आतले तापमान वाढत नाही; जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा आणि घड्याळ पाहावे.

कोणी म्हणेल, तीन शिट्ट्यांत आमची डाळ रोज शिजते, मग बदलायचे कशाला? शिजते हे खरे. पण मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या भराभर होतात, बारीक गॅसवर कितीतरी उशिरा; शिजायला मिळालेला वेळ त्यातून कळत नाही. शिवाय जोरात उसळणारी वाफ डाळीचा फेस नळीत ओढते, तो वाळतो आणि नळी चोंदते. मग आधार उरतो तो सेफ्टी व्हॉल्व्हचा, ज्यातला धातू जास्त तापला की वितळून वाफेला वाट देतो. तो वितळला तर त्याच कंपनीचा नवा बसवावा. तिथे स्क्रू ठोकून काम भागवणे जिवावर बेतू शकते. डाळीसाठी कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, आणि धुताना नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते ना, एवढे रोज पाहावे.