घोरपडीचं पिल्लू घरी आणलं तर?

पहिला पाऊस झाला की शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भातखाचरांच्या बांधांवर, जुन्या वारुळांच्या आसपास घोरपडीची पिल्लं दिसू लागतात. वीतभर लांबी, काळपट अंगावर पिवळे ठिपके आणि सारखी लवलवणारी दुभंगलेली जीभ. मोठ्या घोरपडीचा मातकट रंग पाहिलेल्या माणसाला ही तिचीच पोरं वाटत नाहीत. ‘चंदन घोरपड’ नावाची जी निराळी, जहरी जात सांगतात, ती बहुधा हीच पिल्लं. त्या समजुतीपायी कित्येक ठेचली जातात. उलट हातात मोबाइल असलेली मुलं ती उचलून घरी आणतात. परदेशात लोक छोट्या घोरपडी काचेच्या पेटीत पाळतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न येतो, ‘सर, पिल्लू सापडलंय, काय खायला घालू?’

आधी कायद्याचं सांगून टाकतो. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती पकडणं, बाळगणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. हौसेने पाळण्याचा परवाना कुणालाही मिळत नाही.

पण समजा, कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी हे जमणारं नाही. परदेशात पाळतात ती ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची ठेंगणी घोरपड. ती दोन-सव्वादोन फुटांवर थांबते. ऑस्ट्रेलिया आपले वन्य सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून युरोप-अमेरिकेत मिळतात ती बंदिवासात जन्मलेल्यांची पैदास. तिच्यासाठीसुद्धा पाळणारे पेटीचा एक कोपरा पन्नास अंशांच्या वर तापवतात, बिळं खणायला हातभर माती घालतात, अतिनील किरणांचा दिवा लावतात. अशी परदेशी जात आपल्याकडे कुणी बाळगली, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर तिची नोंद करावी लागते.

आपली घोरपड मात्र पाच फुटांच्या पुढे जाते, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. दिवसभर ती मैलोन्मैल हुंगत हिंडणार, झाडाच्या ढोलीत शिरणार, बिळं उकरणार. ऊन मिळालं नाही तर हाडं मऊ पडून पाय वाकतात. नुसती उकडलेली अंडी आणि कोंबडीचे तुकडे घातले की चरबी चढते. आणि ती कुत्र्यासारखी माणसाळेल ही आशा ठेवू नये. कोंडीत सापडली की फुत्कारते, शेपटीचा फटका मारते, चावली तर पटकन सोडत नाही. तिच्या चाव्याने माणूस दगावतो ही समजूत खोटी आहे, पण जखम चिघळू शकते.

बांधावर तिचं काम काय, हे शेतकऱ्याने पाहण्यासारखं आहे. खेकडे बांधाला भोकं पाडतात आणि खाचराचं पाणी रात्रीत निघून जातं. घोरपड ते खेकडे खाते. उंदीर, भुंगेरे, नाकतोडे, मेलेलं जनावर, सगळं तिला चालतं. आता आमच्या बाया म्हणतील, ‘आणि आमच्या कोंबडीची अंडी?’ तक्रार खरी आहे. ज्या घरात चार कोंबड्यांवर बाजारहाट चालतो, तिथे डझनभर अंडी जाणं ही थट्टा नव्हे. घोरपड दिवसाउजेडी फिरणारी, म्हणून रात्री खुराडं बंद करून भागत नाही. अंडी सकाळीच उचलावीत, रवणीची कोंबडी वजन ठेवलेल्या डालग्याखाली झाकावी, कुडाच्या बुडाशी दगड रचावेत.

तिच्या जिवावर उठलेला खरा शत्रू बाजार आहे. तेलाने सांधेदुखी जाते म्हणून तिला कढवतात. वाघ्याची दिमडी पूर्वापार तिच्या कातड्याने मढवत आले. आता दुसरं कातडं किंवा फायबर वापरता येतं आणि खंडोबा त्यावर रागावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सर्वांत वाईट ‘हत्ताजोडी’. लक्ष्मी येते म्हणून दुर्मीळ वनस्पतीचं मूळ सांगून ती विकतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ मध्ये तपासणीतून जगासमोर आलं. देव्हाऱ्यात काय ठेवलंय हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. आणि धरला जातो तो पाड्यावरचा गरीब माणूस, ज्याच्या हाती त्या किमतीतलं फार थोडं पडलेलं असतं.

तेव्हा पिल्लू सापडलंच, तर त्याला खाऊ घालू नका, दोरी बांधू नका. जिथून उचललं त्याच बांधावर, झुडपाच्या आडोशाला, त्याच दिवशी सोडा. ते अंड्यातून बाहेर पडल्यापासून स्वतःच शिकार करतं, आईची वाट पाहत नाही. घरात शिरलेली मोठी घोरपड असेल, तर कुत्रं बांधा, पोरांना मागे घ्या आणि दार उघडं ठेवा. जखमी असेल किंवा कुणी ती डांबून ठेवली असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.