हक्काचं काम : वि. स. पागे



विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या नेत्यांची नावं घेताना विठ्ठल सखाराम पागे हे नाव फार उशिरा येतं, पुष्कळदा येतच नाही. मला याचं वाईट वाटतं. सांगली जिल्ह्यातला हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात उतरला, संतवाङ्मयात रमला आणि 1960 ते 1978 विधान परिषदेचा सभापती होता. पण त्यांचं खरं काम सभागृहाबाहेर, बांधावर दिसतं. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना.

त्याआधी दुष्काळ पडला की सरकार कामं काढायचं, पाऊस झाला की बंद करायचं. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं अशा कामांवर होती. भर उन्हात बाया खडी फोडताहेत, पोरं झाडाखाली झोळीत, मुकादम मस्टरवर हजेरी मांडतोय. माणसं जगली, पण सरकारच्या मर्जीवर. पागे यांना ही मर्जीच नको होती. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, आणि तेही हक्कानं, असा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यात विसापूर भागात आधी प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी कल्पना उचलून धरली आणि पुढे, 1977 मध्ये, विधिमंडळानं कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. बाईला आणि गड्याला मजुरीचा दर एकच.

पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये त्यासाठीच आला, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. मुंबईच्या कारकुनाची कपात माणदेशातल्या नालाबंडिंगला लागली! राज्याच्या दोन टोकांना असं बांधणारा दुसरा कायदा मला तरी दिसत नाही.

मस्टरवर खोटी नावं चढली, मजुरी रखडली, अर्धवट पाझर तलाव तसेच राहिले, हेही खरंच. तरी 2005 मध्ये संसदेनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

गावातल्या शिकलेल्या तरुणांना एवढंच सांगतो : कुणा मजुराला काम हवं असेल तर त्याचा अर्ज तुम्ही लिहून द्या, आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासूनच.