माग थांबला की जाग येते



भिवंडीत पहिल्यांदा मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी एकच प्रश्न विचारतो, "या खडखडाटात तुम्ही झोपता तरी कसे?" आमचं उत्तर ठरलेलं असतं. खडखडाटात आम्ही छान झोपतो. तो थांबला की मात्र जाग येते.

माझं लहानपण वडप्यात गेलं. मुंबई-नाशिक महामार्गावरचं हे गाव आता गोदामांसाठी ओळखलं जातं. तेव्हा आमच्या घराला लागून एक पत्र्याची शेड होती, तिच्यात सहा माग होते आणि अब्बा तिथे रात्रपाळी करत. मिनिटाला शंभराच्या वर ठोके, तेही सहा मागांचे, एकमेकांत मिसळलेले. त्यात आम्ही सगळे गाढ झोपलेले असायचो. रात्री वीज गेली की पाळण्यातलं मूल रडायला लागे, दादी उठून बसे आणि अंधारात विचारी, "लाइट गेली का रे?" आवाजानं कुणी उठत नसे. शांततेनं सारं घर उठायचं.

ही आठवण आली ती माझ्या पुतण्यामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे. मध्यंतरी म्हणाला, "चाचा, मी एका एजंटला ताल शिकवतोय." आमच्याकडे एजंट म्हणजे कापडाचा दलाल. मी म्हटलं, त्याला तालाशी काय करायचंय, त्याला भावाशी मतलब. मग त्यानं समजावून सांगितलं. हा एजंट म्हणजे संगणकातला एक कार्यक्रम. तो स्वतः काहीतरी करून पाहतो, चुकतो, आणि चुकीवरून सुधारतो. पोराला त्याच्याकडून मागाचा आवाज ऐकवून घ्यायचा होता. धोटा पेटीत नीट बसेनासा झाला की ठोका किंचित ढिला पडतो. तो ओळखून धोटा निसटायच्या आत इशारा द्यायचा, एवढंच त्या एजंटाचं काम. एवढंच म्हणतो खरं, पण निसटलेला धोटा कुणाच्या डोळ्यावर बसला तर काय होतं, हे मागवाल्याला विचारा.

पोरानं आधी घड्याळ लावलं. दोन ठोक्यांत अमुक इतकं अंतर, त्यात फरक पडला की इशारा. ते काही जमेना. विजेचा दाब कमी झाला की माग मंदावतो आणि दाब आला की पळतो. घड्याळाला दोन्ही वेळा चूकच दिसायची, दिवसभर नुसती बोंबाबोंब. मग त्यानं दुसरी रीत धरली. प्रत्येक ठोक्याआधी एजंटानं अंदाज करायचा, पुढचा ठोका केव्हा आणि कसा येणार. ठोका आला की अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक पाहायचा आणि पुढचा अंदाज तेवढा सुधारायचा. असं हजारो वेळा. ही रीत काही त्याची नव्हे. रिचर्ड सटन या संशोधकानं १९८८ साली तिच्या जवळची एक रीत नीट मांडली, जिच्यात एका अंदाजाची तुलना त्यामागून येणाऱ्या अंदाजाशी होते. सटन आणि त्यांचे गुरू अँड्र्यू बार्टो यांना अशा शिकण्याबद्दलच्या कामासाठी २०२४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र माकडांची आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना एक खूण दाखवून थोड्या वेळानं फळाचा रस द्यायची सवय लावली. सवय झाल्यावर एकदा खूण दाखवली आणि रस दिलाच नाही. मेंदूतल्या काही पेशी, ज्या एरवी संथपणे चालू असतात, त्या नेमक्या रस यायच्या क्षणी गप्प झाल्या. आधी नाही, नंतर नाही, त्याच क्षणी. १९९७ साली या प्रयोगांवरचा आणि सटनच्या गणितावरचा निबंध एकत्र प्रसिद्ध झाला. मी तो तपशील ऐकला आणि मला दादी दिसली, अंधारात उठून बसलेली. तिच्या आतही रात्रभर कुणीतरी पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतं.

यंत्राला ताल शिकवण्याची खटपट तशी जुनी आहे. १९८० च्या दशकात लखनौला जेम्स किपन नावाचे संशोधक तबल्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकत होते. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्यानं त्यांच्यासाठी अ‍ॅपलच्या छोट्या संगणकावर 'बोल प्रोसेसर' तयार केला. कायद्याचे नियम संगणकात घालायचे, त्यानं नवे पलटे रचायचे आणि उस्तादांच्या घराण्यात ते चालतील की नाही हे विचारायचं. नाही म्हटलं की नियम दुरुस्त. पुढे त्यांनी उलट वाटेनं जाणारा कार्यक्रमही केला. त्यात नियम आधी द्यायचे नाहीत. दिलेल्या उदाहरणांवरून यंत्रानंच ते शोधायचे आणि "हे बरोबर का?" असं विचारत राहायचं. त्याचं नाव त्यांनी 'कवाइद' ठेवलं.

इथे माझ्यातला शब्दवेडा माणूस थांबतो. कायदा हा अरबी शब्द, कवाइद हे त्याचं अनेकवचन, अर्थ नियम किंवा व्याकरण. आपण मराठीत त्याची कवायत केली. आमच्या घरांत मूल अरबी अक्षरं ज्या पहिल्या पुस्तकातून गिरवतं, तोही कायदाच. तबल्यात कायदा, कोर्टात कायदा, मदरशात कायदा आणि शाळेच्या मैदानावर कवायत! मी तो अक्षरांचा कायदा डोलत डोलत पाठ केला, अर्थ पुष्कळ नंतर आला. मराठी कवितेच्या मात्राही मला शाळेत मोजता येत नव्हत्या. मास्तर फळ्यावर लघु-गुरू मांडत आणि मी गोंधळत असे. पण ओळ मोठ्यानं म्हटली की कुठे लंगडते ते कळायचं. ते मागांनी शिकवलं होतं, असं मी समजतो.

याच बेल यांनी पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात हात घातला. ध्वनिमुद्रणं झाली, एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह संगणकावर आला. दादीलाही ओव्या येत. नुसतं "म्हण" म्हटलं तर तिला दुसरी ओळ आठवत नसे. खुंटा हातात दिला की सगळ्या यायच्या.

आता यंत्राचा कान किती तयार झालाय? बार्सिलोनाच्या विद्यापीठानं २०११ पासून काही वर्षं एक मोठा प्रकल्प चालवला, हिंदुस्थानी संगीतातली सम यंत्राला ओळखता यावी हा त्यातला एक भाग. मुंबईची आयआयटीही त्यात होती. द्रुत लयीत यंत्राचं बरं चालतं. विलंबित ख्यालात एकेक आवर्तन मिनिटाभराचं होतं आणि तिथे ते भरकटतं. शिकवायचं तर आधी कुणा जाणकारानं ऐकून प्रत्येक समेवर खूण करून द्यावी लागते. म्हणजे उस्ताद आलाच.

पोराच्या एजंटालाही उस्ताद हवा होता. एजंट ठोक्यातला फरक टिपायचा, पण कुठला फरक धोक्याचा हे त्याला कोण सांगणार? त्यानं घरातलाच उस्ताद शोधला. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहे. शेडमधले सहाही माग केव्हाच भंगारात वजनावर गेले. तेव्हापासून त्यांना रात्री झोप लागत नाही. डॉक्टर वयाचं म्हणतात, मी काही बोलत नाही. पोरानं भिवंडीतल्या एका कारखान्यातून तीन तासांचा आवाज मोबाइलवर भरून आणला आणि त्यांच्या उशाशी लावला. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मधेच बोट वर करत, "हा." पोरगा वेळ टिपून घ्यायचा. एकदा त्यानं विचारलं, "दादा, इथे तर मला काहीच वेगळं ऐकू येत नाही." अब्बा म्हणाले, "पुढे ऐक." वीस-पंचवीस ठोक्यांनंतर माग खाडकन थांबला होता.

चाळीसेक मिनिटं हे चाललं. मग बोट वर येईनासं झालं. पाहिलं तर अब्बा झोपले होते, तोंड किंचित उघडं, किती दिवसांनी असे. पोराला वाटलं, म्हाताऱ्याची झोप मोडायला नको. त्यानं हलकेच मोबाइल बंद केला.

अब्बा ताडकन उठून बसले. "काय रे, लाइट गेली?"