वंशवृक्षाच्या शाखा



आपल्या तुळजापूरची भवानी ही भोसले घराण्याची कुलस्वामिनी. शिवरायांच्या वंशातील सातारा व कोल्हापूर या शाखा १७३१ च्या वारणेच्या तहाने कायम झाल्या. त्यांचे बंधू व्यंकोजीराजे यांची शाखा दूर तंजावरास रुजली. तेथील सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. तो आजही वाचावयास मिळतो.

आपल्या घरांस अशी भिंत नाही. मोडी जाणणारे वृद्धही विरळ झाले आहेत. त्यांच्याकडून जुने कागद वेळीच वाचून घ्यावेत. पणजोबांपासूनची नावे, मूळ गाव व स्थलांतराचे साल वहीत उतरवावे. लेकींची नावे व सासरही लिहावे. जुन्या वंशावळींत ती बहुधा आढळत नाहीत. ही वही पुढील मेळाव्यास आणावी, अशी आमची नम्र विनंती आहे.