पिठाच्या डब्यातले पैसे

मागच्या भागात आम्ही पासपोर्ट कसा काढला, व्हिसाला कुठली कुठली कागदं लागली, ते सांगितलं होतं. आज तिकडे राहिलो कसं, त्याबद्दल बोलायचं आहे. गावात सत्कार झाला तेव्हा आम्ही विमानाचं सांगितलं, मोठमोठ्या चर्चचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं. राहण्याचं फारसं बोललो नाही. त्याला कारण होतं, ते पुढं येईल.

इटली देशात तुरिन म्हणून शहर आहे. तिथं दर दोन वर्षांनी ‘तेर्रा माद्रे’ म्हणजे धरणीमाय या नावाचा मेळावा भरतो. ‘स्लो फूड’ ही चळवळ तो भरवते, पहिला २००४ साली भरला. जगभरातले शेतकरी, धनगर, मासेमार, स्वयंपाक करणारे आपापलं धान्य आणि पदार्थ घेऊन येतात. आम्ही गेलो तो मेळावा २०२४ साली २६ ते ३० सप्टेंबरला होता. म्हणजे ऐन पितृपक्ष. दोघींच्या घरी म्हाळ व्हायचे होते. सासवा म्हणाल्या, पंधरवड्यात कुठं समुद्रापार जाताय. पण घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, तोवर परत येतो असा शब्द देऊन आम्ही निघालो.

बियाणं नेता आलं नाही. युरोपात बी न्यायचं तर वनस्पतीच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, तो आमच्याकडं नव्हता. दुधाचं आणि मांसाचं तर काहीच चालत नाही, म्हणून तुपाची बरणी आणि पेढे मुंबईतच देऊन टाकले. उरलं ते नाचणीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुरडया. या पिठाच्या डब्याकडं लक्ष ठेवा.

आमची सोय एका होस्टेलात होती. होस्टेल म्हटल्यावर आम्हाला वाटलं आश्रमशाळेसारखं, मुलींचं, वॉर्डनबाई असलेलं. तसं नसतं. ही प्रवाशांची स्वस्तातली उतरायची जागा. ही कल्पना मुळात जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान नावाच्या एका मास्तरांची. १९०९ साली ते पोरांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात सापडले आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. त्यांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, पोरांना तिथं झोपायला का देऊ नये. तिथून पुढं ही पद्धत जगभर गेली. आता तिथं पोरं राहतात, म्हाताऱ्याही राहतात, आणि आमच्यासारख्या नऊवारीवाल्याही.

एका खोलीत आठ खाटा, रेल्वेतल्या बर्थसारख्या वर-खाली. खोली फक्त बायकांची होती. आम्ही चौघी, पोलंडची एक वयस्क बाई, ब्राझीलच्या दोन मुली आणि सेनेगलची एक तरुण बाई. खाटेचा नंबर चिठ्ठीवर लिहून देतात. आमच्या काकूंना, म्हणजे आमच्यातल्या थोरल्या, वय ६२, गुडघे दुखतात, त्यांना नेमकी वरची खाट आली. शिडीला हात लावून काकू नुसत्या उभ्या राहिल्या. सेनेगलची ती बाई काही न बोलता उठली, आपली चादर-उशी वर टाकली आणि खालच्या खाटेवर हात थोपटून काकूंना म्हणाली, बसा. म्हणजे तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, पण अर्थ तोच. मग तिनं पिशवीतून मूठभर दाणे काढून दाखवले. फोनिओ नावाचं धान्य, आपल्या वरईहूनही बारीक. तिकडच्या बायका ते उखळात कांडतात. आम्ही नाचणीचं पीठ दाखवलं. फोनमधल्या भाषांतरावर अर्धा तास बोललो. ती फ्रेंचमधून बोलायची, फोन मराठीत सांगायचा. गंमत वाटली.

दुसऱ्या दिवसापासून कुरबुरी सुरू झाल्या. खरं सांगायचं तर बहुतेक आमच्यामुळं.

आम्ही पहाटे पाचला उठणाऱ्या. उठलं की बोलणं आलं, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर आली. ब्राझीलच्या मुली रात्री एकला यायच्या, दिवा लावायच्या. त्यांची रात्र आणि आमची पहाट यांच्यामध्ये बाकीच्यांना चार तास झोप. त्यात आमचे फोन. तिथं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं घड्याळ. घरच्यांना ते लक्षात राहीना. सकाळी सात वाजता गावातून सून फोन करी, गाईला कालवडीचा त्रास होतोय, काय करू? तिकडं रात्रीचे साडेतीन, आणि फोनवर मोठ्या आवाजात आरती वाजतेय. तिसऱ्या वेळी पोलंडच्या बाईंनी अंथरुणातूनच जे काही म्हटलं ते भाषांतर न करताही कळलं.

लुगड्याचं तर विचारू नका. नऊ वार कापड धुतलं, वाळत घालायचं कुठं? आम्ही ते वरच्या खाटेच्या कठड्यावरून सोडलं. पलीकडच्या खाटेवर अंधार झाला आणि पाणी ठिबकलं ते पोलंडच्या बाईंच्या उशाशी ठेवलेल्या पुस्तकावर. त्यांनी पुस्तक पुसलं, खिडकी सताड उघडली आणि पाठ फिरवून झोपल्या. बाहेर गारठा. आम्ही हळूच खिडकी लावली. त्यांनी उघडली. असं पाच वेळा. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर कुणीतरी कानात घालायचे बोळे ठेवलेले. आम्हाला वाटलं भेट आहे. नंतर उलगडलं की काकू घोरतात, आणि ठेवणाऱ्या बाईच्या कानात तसलेच बोळे होते. आम्हालाही घाला, असं तिचं म्हणणं असावं.

स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. फ्रिजमध्ये ठेवाल त्यावर नाव आणि तारीख लिहायची. आम्ही वाटीत दही विरजलं, वर ताटली झाकली. साफसफाईच्या वेळी ते गेलं. चूक आमची, चिठ्ठी लावली नव्हती. पण विरजण टाकून दिलं म्हटल्यावर काकू रुसल्या आणि खाण्याची सगळी पिशवी उचलून त्यांनी आपल्या खाटेखाली आणून ठेवली. पिठाचा डबाही त्यातच.

शुक्रवारी रात्री मेळाव्यातून आलो. दिवसभर चीज आणि पाव खाऊन तोंडाची चव गेलेली. काकू झोपायला वर गेल्या, आम्ही तिघींनी ठेचा करायचा ठरवला. मिरच्या आणि लसूण तव्यावर टाकला, खाट उठली, आम्ही खोकलो. छताला बशीएवढं एक पांढरं यंत्र असतं, त्याला धूर लागला की ते बोंबलतं. ते बोंबललं. एक वाजलं की सगळ्या मजल्यांवरची वाजतात. सगळी इमारत रस्त्यावर. कुणी चादर गुंडाळून, कुणी अनवाणी, एक मुलगा तर डोक्याला साबण लावलेला. आणि मध्ये आम्ही, हातात झारा. तिसऱ्या मजल्यावर काकू एकट्या झोपलेल्या. आम्हाला आठवेपर्यंत सेनेगलची बाई त्यांचा हात धरून त्यांना जिन्यानं खाली घेऊन आली होती.

होस्टेलच्या पोरानं आरडाओरडा केला नाही. खिडक्या उघडल्या, यंत्र बंद केलं. सकाळी शेगडीजवळ एक चित्र लावलेलं दिसलं, धूर निघणारा तवा आणि त्यावर लाल फुली. आम्ही लाजेनं पुढं दोन दिवस स्वयंपाकघराकडं फिरकलो नाही.

आता ज्या कोणी जाणार असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. अशा ठिकाणी कपाट असतं, पण कुलूप बऱ्याचदा आपलं न्यावं लागतं. आम्ही नेलं नव्हतं. आपला तीन गोल दांड्यांचा प्लग तिकडच्या भोकात जात नाही, जोडणी इथूनच घ्या. बादली-तांब्या नसतो. गुडघेदुखी असेल तर खालची खाट आधीच लिहून मागा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा. हरवलाच तर पोलिसांत तक्रार आणि मग भारताची कचेरी. इटलीच्या त्या भागासाठी ती मिलान शहरात आहे. ११२ हा नंबर युरोपभर चालतो. आणि पैसे अंगावर, गळ्यातल्या पाकिटात.

आमचे पैसे काकूंकडं होते. गटाच्या पैशातून मुंबईला बदलून घेतलेले ३१० युरो. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या वर होता, म्हणजे २८ हजारांच्या आसपास. कापडी बटव्यात, उशीखाली. शनिवारी सकाळी उशीखाली बटवा नव्हता.

गादी उलटली, चादरी झटकल्या, बॅगा रिकाम्या केल्या. काकू रडायला लागल्या. गटात काय तोंड दाखवायचं? बायांनी कोंबड्या विकून, भिशी मोडून भरलेले पैसे. मग आमच्यात हळू आवाजात सुरू झालं. काल रात्री खोलीतून शेवटी कोण निघालं? काकूंच्या वर कोण झोपतं? ब्राझीलच्या मुली रात्री-अपरात्री येतात-जातात, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. पोलंडच्या बाई आमच्यावर चिडलेल्या होत्या, त्यांचंही नाही. नाव आलं ते त्या एकीचंच.

का आलं, ते आम्हाला माहीत आहे. ती आमच्यापेक्षा काळी होती. आमच्यातली एक ज्या समाजाची आहे, त्या समाजाच्या पालावर गावात काही हरवलं की पोलीस आधी येतात. तिचा बाप असाच दोनदा आत बसून आला. ती त्या सकाळी गप्प होती. गप्प होती, पण आमच्यातच होती.

आम्ही खाली जाऊन होस्टेलच्या पोराला सांगितलं. पोलिसांना बोलवू का, म्हणाला. नको म्हटलं. मग तो वर आला आणि सगळ्यांना विनंती केली की आपापल्या पिशव्या एकदा पाहा. सगळ्यांना म्हणाला, पण आम्ही चौघी बघत कुठं होतो ते सगळ्यांना दिसत होतं. बोट कुणी दाखवलं म्हणाल तर आजही आम्ही एकमेकींकडं बघतो. ‘आम्ही’ म्हटलं की कुणा एकीला बोलावं लागत नाही. तिनं आपली पिशवी पलंगावर उपडी केली. दोन कपडे, चपला, एक पोथीसारखी वही, आणि फोनिओची पुरचुंडी. पुरचुंडी सुटली, दाणे चादरभर झाले. तिनं ते एकेक करून गोळा केले. आम्ही कुणी मदत केली नाही. संध्याकाळी ती दुसऱ्या खोलीत गेली.

रविवारी ब्राझीलच्या मुली आणि पोलंडच्या बाई निघून गेल्या. काकू मेळाव्यात नुसत्या बसून होत्या.

सोमवारी शेवटचा दिवस. लोकांना आपली भाकरी दाखवावी म्हणून सकाळी पिठाचा डबा काढला. पिठात हात घातला तर हाताला कापड लागलं.

काकूंना तेव्हा आठवलं. भोंगा वाजून गेल्यावर त्या परत खोलीत आल्या, जिन्यावर माणसांची ये-जा, कपाटाला कुलूप नाही. रक्तदाबाची गोळी घेतलेली, डोळ्यांवर झोप. घरी पैसे नेहमी डाळीच्या डब्यात ठेवायची सवय. आपण सगळ्याच ठेवतो. हात आपोआप डब्यात गेला, आणि सकाळी डोक्यातून पार गेलं. काकूंना आम्ही बोल लावला नाही. पैसे पिठात काकूंनी ठेवले, पण शनिवारचं जे झालं ते चौघींनी केलं.

मेळावा पार्को दोरा नावाच्या जागी होता. पूर्वी तिथं पोलादाचे कारखाने होते, त्यांचे उंच लोखंडी खांब अजून उभे आहेत. त्या खांबांमधून आम्ही आफ्रिकेच्या बाजूला गेलो. ती तिच्या देशाच्या बायकांबरोबर उभी होती. धाकटीनं फोनवर बोलून दाखवलं, पैसे सापडले, आमच्याच पिठात होते, आमचं चुकलं. फोन ते फ्रेंचमध्ये म्हणाला. काकू पाया पडायला वाकल्या, तिनं त्यांना धरून उभं केलं. हसली नाही. मग फोनमध्ये एक वाक्य बोलली. फोन मराठीत म्हणाला, ‘त्या खोलीत जे होते त्यांना सांगा.’

आम्ही परत येऊन होस्टेलच्या पोराला सांगितलं. पिठानं भरलेला बटवा दाखवला. त्यानं मान हलवली. ब्राझीलच्या मुलींचा पत्ता किंवा फोन मिळेल का विचारलं, पाहुण्यांची माहिती देता येत नाही म्हणाला. पोलंडच्या बाईंचीही नाही.

गावात सत्काराच्या दिवशी आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, हे सांगायचं का? तेव्हा नको म्हटलं. पैसे सगळे परत आले, हिशोब जुळला, कुणाला काय पडलंय. पण गटाच्या बैठकीत मागच्या महिन्यात एक पाकीट हरवलं आणि लगेच एका पोरीकडं चार जणी बघायला लागल्या. आम्ही चौघी उठलो आणि सगळं सांगितलं. आज तेच इथं सांगितलं. त्या तीन बायका जगात कुठं आहेत ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती बाई अजून संशयातलीच आहे.