एमीबाईंचा हिशोब

मी पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावातून आले आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. दर वेळी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, नाचणीच्या पापडांची विक्री यावर बोलते. आज मात्र एका गणित करणाऱ्या बाईंची गोष्ट सांगणार आहे. गणित म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका हं! मी स्वतः बीए. दहावी झाल्यावर गणिताला लांबूनच नमस्कार केला होता.

झालं असं, की लावणीच्या दिवसांत मी एका गटाचे फॉर्म भरत होते. एका ताईंना विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "काय नाय गं, घरीच असते." सकाळपासून दुपारपर्यंत त्या चिखलात वाकून लावणी करून आल्या होत्या. पायाचा चिखल अजून वाळला नव्हता. आणि म्हणतात, घरीच असते! ज्या कामाचा पैसा हातात येत नाही, त्याला आपण कामच म्हणत नाही.

त्या रात्री मला एमी नोएथर आठवल्या. महाडला बीएस्सी करणाऱ्या माझ्या भाचीने मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं होतं. आपण शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतो, तसं मी त्यांना एमीबाईच म्हणणार आहे.

एमीबाईंचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. मुलीने मात्र इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा दिली, १९०० साली पासही झाली. मुलींच्या शाळेत नोकरी करून सुखाने राहता आलं असतं. पण मन गणिताकडे ओढत होतं. तेव्हा तिथल्या विद्यापीठात बाईला रीतसर प्रवेश नव्हता. प्रत्येक प्राध्यापकाची परवानगी घेऊन नुसतं मागे बसून ऐकायचं. १९०४ साली नियम बदलला, तेव्हा त्यांचं नाव पटावर लागलं. १९०७ साली त्या डॉक्टरेट झाल्या.

पुढचं नीट ऐका. १९०८ ते १९१५, सात वर्षं त्यांनी एर्लांगेनमध्ये काम केलं, तेही बिनपगारी. वडिलांची तब्येत बरी नसली की त्यांचा तासही त्याच घ्यायच्या. १९१५ साली डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या दोन मोठ्या गणितज्ञांनी त्यांना ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावून घेतलं. त्या काळी गणितात याहून मोठं ठिकाण क्वचितच असेल. पण बाईला शिकवण्याचा अधिकार द्यायला तिथले काही प्राध्यापक तयार होईनात. हिल्बर्ट चिडले. हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी सुनावल्याचं सांगतात. मग वाट अशी काढली, की तासाची सूचना हिल्बर्ट यांच्या नावाने लागायची आणि शिकवायच्या एमीबाई. चार वर्षं असं चाललं.

कष्ट तिचे आणि कागदावर नाव दुसऱ्याचं! सातबारा आठवला ना?

आता त्यांचं काम काय होतं, ते सांगते. आपल्या गटाच्या वहीवरूनच समजून घेऊ. बैठकीच्या शेवटी आपण हिशोब जुळवतो. पेटीत रोख किती, बँकेत किती, कर्जाला किती गेलेत. पैसा इकडून तिकडे जातो, पण सगळ्याची बेरीज जुळली पाहिजे. निसर्गाचंही तसंच आहे. झोपाळा वर गेला की क्षणभर थांबतो. तिथे उंची आहे, वेग नाही. खाली येतो तेव्हा वेग आहे, उंची नाही. उंचीची शक्ती वेगात जाते, वेगाची पुन्हा उंचीत. झोपाळा हळूहळू थांबतो, तेव्हाही शक्ती नाहीशी होत नाही. दोराच्या घासण्यात आणि हवेत उष्णता होऊन जाते. या शक्तीला शास्त्रज्ञ ऊर्जा म्हणतात. तिची बेरीज कायम राहते, हे एमीबाईंच्या आधीही माहीत होतं. पण ती का कायम राहते?

याचं उत्तर एमीबाईंनी १९१८ साली दिलं. निसर्गाचा नियम आज जो आहे तोच उद्याही राहतो, म्हणून ऊर्जेचा हिशोब जुळतो. उलटं धरून बघा. समजा, पृथ्वीची ओढ रात्री कमी आणि दिवसा जास्त असती, तर आपण रात्री हलकेच हंडे भरून टाकी भरली असती. दिवसा तेच पाणी जोरात खाली सोडून चक्की फिरवली असती. घातली त्याहून जास्त शक्ती मिळाली असती, म्हणजे हिशोब बिघडला. नियम वेळेप्रमाणे बदलत नाही, म्हणून असं फुकटचं काही मिळत नाही.

दुसरं उदाहरण फुगडीचं. हात लांब ताणून गिरक्या घेतल्या तर फुगडी संथ फिरते. फिरता फिरताच दोघी जवळ आल्या की गरगर वाढते. गौरी-गणपतीत करून बघा. निसर्गाला पूर्व-पश्चिम सगळ्या दिशा सारख्या, कुठल्याही दिशेसाठी वेगळा नियम नाही. म्हणून फिरण्याचाही एक हिशोब कायम राहतो. अंतर कमी झालं की वेग वाढतो. नियमात असा सारखेपणा असेल, तिथे काहीतरी जपलं जातं, हे एमीबाईंनी गणिताने सिद्ध केलं. हा शोध विज्ञान संस्थेपुढे मांडला क्लाइन यांनी, कारण एमीबाई तिथल्या सभासद नव्हत्या.

आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातला एक पेच सोडवताना हे हाती लागलं. पुढे अणूच्या आतल्या जगाचं शास्त्र, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्र, उभं राहिलं, तेव्हा हीच वाट तिथेही उपयोगी पडली. आपला मोबाईल, एलईडी बल्ब, रस्त्यावरचा सौरदिवा या सगळ्यामागे हे शास्त्र आहे. अणूच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही. मग शास्त्रज्ञ विचारतात, इथे कुठला सारखेपणा आहे? तो सापडला की काय जपलं जाणार, ते कळतं. विजेचा भार नाहीसा का होत नाही, याचं उत्तरही या मार्गाने मिळतं.

एमीबाईंचं खास क्षेत्र मात्र बीजगणित. तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा, आकडे कसेही गुणा, उत्तर एकच. पण कामाचं तसं नसतं. आधी माप घेऊन मग कापड कापणं वेगळं आणि आधी कापून मग माप घेणं वेगळं. क्रम बदलला की ब्लाउज वाया! क्रमाने उत्तर बदलतं, अशाही गुणाकाराचं एक बीजगणित आहे. १९२५ साली ग्योटिंगेनमध्येच हायझेनबर्ग, बॉर्न आणि जॉर्डन यांना अणूचं वागणं अशाच गुणाकाराने मांडता आलं. आणि त्याच गावात पुढच्या वर्षांत एमीबाई अशा बीजगणिताचा पाया पक्का करत होत्या.

बीजगणित आणि क्वांटमला जोडणारं हे काम आजही चालू आहे. मुंबई विद्यापीठात शिकून डॉक्टरेट झालेल्या वैजयंती चारी याच सांध्यावर काम करतात. अँड्र्यू प्रेसली यांच्याबरोबर १९९४ साली त्यांनी लिहिलेलं पुस्तक या विषयातलं नावाजलेलं आहे. म्हणजे ही वाट आपल्या मुंबईतूनही गेली आहे.

एमीबाईंना शिकवण्याचा अधिकार १९१९ साली मिळाला. १९२२ साली प्राध्यापक ही पदवी मिळाली, पण पगाराशिवाय. थोडंसं मानधन सुरू झालं १९२३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या ज्यू होत्या, म्हणून १९३३ साली हिटलरच्या सरकारने त्यांना काढून टाकलं. त्यांनी विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवलं. एक विद्यार्थी नाझींचा गणवेश घालून आला, त्यालाही त्यांनी परत पाठवलं नाही, असं सांगतात. मग अमेरिकेत ब्रिन मॉर इथल्या मुलींच्या कॉलेजात त्या गेल्या. १४ एप्रिल १९३५ रोजी, शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांनी, त्यांचं निधन झालं. वय अवघं त्रेपन्न. आइनस्टाइन यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यांच्या बुद्धीचा गौरव केला.

बघा, निसर्गाचा नियम कोण उभं आहे ते बघून बदलत नाही, तो सगळ्यांना सारखा. माणसांचा नियम मात्र बाई बघून बदलला, धर्म बघून बदलला. आपल्या महाडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव १९२४ साली केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह येऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं.

आता आपल्या वहीकडे या. पुतणीला व्याज एक टक्का, शेजारणीला दोन टक्के, असं आपल्या गटात होतं का? झालं की दोन गोष्टी बिघडतात, वही आणि विश्वास. मी स्वतः एकदा ओळखीच्या बाईचा उशिराचा दंड सोडून दिला होता. पुढच्या बैठकीत तिघींनी हप्ताच आणला नाही. चूक माझीच होती.

म्हणून दोन कामं सांगते. या महिन्याच्या बैठकीत नियमांचं पान मोठ्याने वाचा आणि विचारा, हा सगळ्यांना सारखा लागतो का? दुसरं, फॉर्मवर 'व्यवसाय' आला की 'घरीच असते' म्हणू नका. 'शेती' म्हणा. लावणी केलीत ना? मग तुम्ही शेतकरी.

आमच्या त्या ताईंचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी परत काढला. त्यांना विचारून 'शेती' लिहिलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं दिसतंय गं."

नमस्कार. भेटू पुढच्या भागात.